दिलजमाईचा हिशेब

३१ मे २००८, शनिवार. वॉशिंग्टनच्या मॅरियट वॉर्डमन पार्क हॉटेलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियम व उपविधी समितीची बैठक चालू होती. एरवी या समितीकडे पक्षातलेही फारसे कोणी फिरकत नाहीत. तारखा, कलमं, पोटकलमं असला तिचा कारभार. त्या दिवशी मात्र हॉटेलबाहेर फलक घेतलेले समर्थक उभे होते, सभागृह खचाखच भरलं होतं, दूरचित्रवाणी वाहिन्या कामकाज थेट दाखवत होत्या. संध्याकाळी मिशिगन राज्याबाबतचा ठराव १९ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला आणि हिलरी क्लिंटन यांचे समर्थक संतापून ओरडू लागले, ‘डेन्व्हर! डेन्व्हर!’ डेन्व्हरला ऑगस्टमध्ये पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन होतं. भांडण इथे मिटणार नाही, अधिवेशनाच्या व्यासपीठापर्यंत जाईल, असा त्या घोषणेचा अर्थ होता.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पाच महिने बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन एकमेकांशी झुंजत होते. ३ जानेवारीला आयोवात ओबामा जिंकले आणि हिलरी तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेल्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी उसळी घेतली. फेब्रुवारीत ओबामांनी लागोपाठ अकरा लढती जिंकल्या. मग ओहायो, पेनसिल्व्हेनिया हिलरींकडे गेली. वेस्ट व्हर्जिनियात तर त्यांना ६७ टक्के मतं पडली. या काळात दोन्हीकडून जे बोललं गेलं ते सहज विसरण्याजोगं नव्हतं. पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजला तर तो कोणी उचलावा, असा प्रश्न विचारणारी हिलरींची जाहिरात ओबामांच्या अनुभवावरच बोट ठेवत होती. साउथ कॅरोलायनातल्या लढतीबद्दल बोलताना बिल क्लिंटन यांनी, इथे पूर्वी जेसी जॅक्सनही जिंकले होते, अशी आठवण काढली. ती अनेक कृष्णवर्णीय मतदारांच्या जिव्हारी लागली. उलट हिलरींच्या पाठीराख्या स्त्रियांना वाटत होतं की, माध्यमांनी त्यांच्या उमेदवाराचा आवाज, हसणं, कपडे यांची जी चिरफाड केली ती कुठल्याही पुरुषाच्या वाट्याला आली नसती. एका बाजूला पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाचं स्वप्न, दुसऱ्या बाजूला पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्षाचं. यातलं कुठलंही एक मोडलं तरी ते जिव्हारी लागणारच होतं.

एवढं सगळं होऊनही वॉर्डमन पार्कमधला राग शब्दांबद्दलचा नव्हता. तो मोजणीबद्दलचा होता, आणि माझ्या मते पक्षांतर्गत लढतीनंतरच्या दिलजमाईचं सगळं प्रकरण इथेच समजून घ्यायला हवं.

पक्षाचा नियम असा होता की ५ फेब्रुवारीच्या आधी आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना या चारच राज्यांनी मतदान घ्यावं. मिशिगनने १५ जानेवारी आणि फ्लोरिडाने २९ जानेवारी ही तारीख धरली. शिक्षा म्हणून पक्षाने अधिवेशनात उमेदवार निवडणारे दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी बाद केले. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपलं नाव काढून घेतलं. हिलरींनी ठेवलं. त्यांना तिथे ५५ टक्के मतं मिळाली आणि ४० टक्के मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. २००७ मध्ये शिक्षा ठरली तेव्हा हिलरींचे सल्लागार हॅरल्ड इकीस याच समितीचे सदस्य होते आणि त्यांनी शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. मे महिन्यात एकेका प्रतिनिधीसाठी ओढाताण सुरू झाल्यावर तेच इकीस पूर्ण मोजणीची मागणी करू लागले.

समितीने मध्यम मार्ग काढला. दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी घ्यायचे, पण प्रत्येकाला अर्धंच मत द्यायचं. फ्लोरिडाचा ठराव २७ विरुद्ध शून्य असा एकमताने झाला. मिशिगनचे प्रतिनिधी हिलरींना ६९ आणि ओबामांना ५९ असे वाटण्यात आले. मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, तेव्हा हे ५९ आले कुठून? बांधील नसलेली मतं त्यांच्या पदरात टाकली गेली, आणि वर हिलरींच्या हिशेबातले चार प्रतिनिधीही त्यांच्याकडे वळवले गेले. हे चार आमच्याकडून हिसकावले आहेत, असं इकीस यांनी भर बैठकीत सांगितलं. अधिवेशनाच्या अधिकारपत्र समितीकडे दाद मागण्याचा हक्क आपण राखून ठेवत आहोत, असंही बजावलं.

अर्ध्या मताचे चार प्रतिनिधी म्हणजे दोन मतं. उमेदवारीसाठी २,११८ लागत होती. या दोन मतांनी निकाल बदलणार नव्हता. तरीही ज्यांचा उमेदवार हरत होता त्यांच्या हाती ‘आम्ही हरलो नाही, आम्हाला हरवलं’ असं म्हणण्यासाठी पहिल्यांदाच एक आकडा आला. उणीदुणी माणूस कालांतराने विसरतो. मोजणीत दगाफटका झाला ही समजूत मात्र वर्षानुवर्षं टिकते, कारण तिला प्रत्येक वेळी नवा पुरावा सापडतो. याच सुमारास इंटरनेटवर ‘पूमा’ या नावाने हिलरी-समर्थकांचे गट उभे राहिले. पक्षाची एकजूट गेली खड्ड्यात, असा त्या नावाचा सभ्य भाषेतला मतलब होता.

मतदारांनी पक्षाचा उमेदवार निवडण्याची ही प्रायमरीची व्यवस्था मुळात अशाच एका जखमेतून मोठी झाली आहे. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळवली. रॉबर्ट केनेडींची जूनमध्ये हत्या झाली होती, रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी तरुणांना बदडत होते आणि प्रायमऱ्या लढवलेले यूजीन मकार्थी बाजूला पडले होते. मकार्थींनी हम्फ्रींना पाठिंबा दिला तो ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस, तोही तोंडदेखला. हम्फ्री एका टक्क्याहूनही कमी मतांनी निक्सनकडून हरले. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि उमेदवार निवडण्याचं काम बंद खोलीतून मतदारांच्या हाती आलं. हक्क मिळाला तसं उघड भांडणही मिळालं. माझ्या मते तो सौदा फायद्याचाच होता.

अशा भांडणानंतर दिलजमाई कशी करू नये, हे पाहायचं तर १९८० कडे जावं लागतं.

जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्याच पक्षातून एडवर्ड केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. महागाई भडकलेली, तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरलेले. कार्टर प्रचाराला बाहेर पडेनात, आणि वादविवादालाही उभे राहीनात. तरी प्रतिनिधींच्या गणतीत ते पुढे निघून गेले. ३ जूनला शेवटच्या आठ राज्यांपैकी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसह पाच राज्यं केनेडींनी जिंकली. दोन दिवसांनी, ५ जूनला, दोघे व्हाइट हाउसमध्ये भेटले. केनेडींनी एक वादविवाद मागितला. कार्टर यांनी नकार दिला. झालं, भांडण न्यूयॉर्कच्या अधिवेशनात गेलं. पहिल्या फेरीत प्रतिनिधींनी आपापल्या राज्याच्या निकालाप्रमाणेच मत दिलं पाहिजे, असा नियम होता. तो मोडीत काढण्याचा केनेडींचा प्रयत्न सुमारे १,९३६ विरुद्ध १,३९० मतांनी फसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे भाषण केलं ते अमेरिकी राजकारणात आजही आठवलं जातं. हरलेल्या माणसाच्या त्या भाषणापुढे जिंकलेल्या माणसाचं भाषण फिकं पडलं. कार्टर तर आपल्या भाषणात दिवंगत हम्फ्रींचं नावही चुकीचं बोलून गेले.

शेवटच्या रात्रीचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. व्यासपीठावर पक्षाची मोठमोठी मंडळी दाटीवाटीने उभी आहेत. केनेडी उशिरा येतात, हात मिळवतात, बाजूला होतात. कार्टर त्यांच्या मागे जातात. विजेत्याने आणि पराभूताने एकमेकांचे हात उंचावून धरायचे, हे अमेरिकी अधिवेशनातलं ठरलेलं चित्र. ते कार्टरना हवं आहे. केनेडी ते देत नाहीत. देशाचा राष्ट्राध्यक्ष आपल्याच अधिवेशनात हरलेल्या माणसाच्या मागे फिरताना सगळ्या देशाने पाहिला. नोव्हेंबरमध्ये कार्टर ४४ राज्यांत हरले.

यातून घाईने निष्कर्ष काढू नये. कार्टर त्या न उंचावलेल्या हातांमुळे पडले नाहीत. महागाई आणि ओलीस प्रकरण पुरेसं होतं. राज्यशास्त्रज्ञ याच गाठीवर अनेक दशकं वाद घालत आले आहेत. अँड्र्यू हॅकर यांनी १९६५ मध्येच प्रश्न विचारला होता की, चुरशीच्या प्रायमरीने उमेदवाराचं नुकसान होतं का, आणि त्यांना तसा ठोस पुरावा सापडला नव्हता. लोना रे ॲटकेसन यांनी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका तपासून दाखवलं की, अर्थव्यवस्था आणि राष्ट्राध्यक्षाची लोकप्रियता हिशेबात धरली तर प्रायमरीतल्या फुटीचा वेगळा परिणाम फारसा उरत नाही. जो आधीच दुबळा झालेला असतो त्यालाच घरातून आव्हान मिळतं. १९७६ मध्ये रेगन यांनी फोर्डना कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत झुंजवलं, तेही फोर्ड दुबळे होते म्हणूनच. मला हे म्हणणं पटतं. पण म्हणून दिलजमाई ही नुसती शोभेची गोष्ट ठरत नाही. हरलेल्या बाजूचे कार्यकर्ते, देणगीदार, स्थानिक पुढारी निवडणुकीनंतरही पक्षात राहणार की नाहीत, हे तिच्यावर ठरतं. त्याचा हिशेब एका नोव्हेंबरात होत नाही.

आता पुन्हा २००८ कडे. ३ जूनच्या रात्री ओबामांनी २,११८ चा आकडा ओलांडला. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन जिथे भरणार होतं त्याच सभागृहात, त्यांनी विजयाचं भाषण केलं आणि त्यात हिलरींची मनापासून तारीफ केली. त्याच रात्री न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात हिलरींची ओळख भावी राष्ट्राध्यक्ष म्हणून करून दिली गेली. त्यांनी पराभव मान्य केला नाही. आज रात्री मी कुठलाही निर्णय घेणार नाही, एवढंच त्या बोलल्या. पक्षातल्या अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला मात्र माघार घेण्याआधीचे ते चार दिवस आवश्यक वाटतात. इतके महिने जिच्यासाठी लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं सोडली, तिने निकालाच्या रात्रीच हसत टाळ्या वाजवल्या असत्या तर त्या लोकांना तो आपला विश्वासघात वाटला असता.

५ जूनला दोघे वॉशिंग्टनमध्ये सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्या घरी पत्रकारांना चुकवून भेटले. दिवाणखान्यात फक्त दोघे होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच तारखेला कार्टर आणि केनेडी भेटले होते. ७ जूनला नॅशनल बिल्डिंग म्युझियमच्या भव्य दालनात हिलरींनी माघार जाहीर केली. ओबामांचं नाव घेताच समर्थकांतून नापसंतीचे आवाज उठले, तरी त्या थांबल्या नाहीत. पुन्हा पुन्हा त्यांनी ते नाव घेतलं. स्त्रियांच्या वाटेवरचं काचेचं छत फुटलं नसलं तरी त्याला एक कोटी ऐंशी लाख तडे गेले आहेत, असं त्यांनी सांगितलं. तेवढी मतं त्यांना मिळाली होती. आपल्या माणसांचे श्रम वाया गेले नाहीत, हे आधी सांगायचं आणि मग त्यांच्याकडे पुढचं काम मागायचं, हा क्रम त्यांनी अचूक धरला.

२६ जूनला वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात हिलरींचे मोठे देणगीदार जमले. हिलरींच्या प्रचारावर दोन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज होतं. त्यातला मोठा हिस्सा त्यांनी स्वतःच्याच खिशातून घातला होता. ओबामांनी आपला २,३०० डॉलरांचा धनादेश दिला. कायद्याने एका व्यक्तीला तेवढंच देता येत होतं. कर्जाच्या मानाने ही रक्कम काहीच नव्हती, पण आपल्या देणगीदारांनाही तसं करायला सांगण्याचा हक्क त्यातून त्यांना मिळाला. हे कर्ज पुरतं फिटायला पुढे २०१२ ची अखेर उजाडली.

दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात दोघांची पहिली एकत्र सभा झाली. गावाचं नावच ‘एकजूट’, आणि जानेवारीत तिथे दोघांना नेमकी १०७-१०७ मतं पडली होती. जागा प्रचारासाठी निवडलेली होती हे कोणापासून लपलं नव्हतं. दोघे एकाच बसमधून आले, प्राथमिक शाळेच्या मैदानावर उभे राहिले, छायाचित्रं झाली. त्या छायाचित्रांना मी फार महत्त्व देत नाही. त्यांच्या आदल्या दिवशीचा धनादेश आणि नंतरची दोन महिन्यांची वाटाघाट मला जास्त मोलाची वाटते.

वाटाघाट होती ती अधिवेशनात हिलरींचं नाव मतदानाला ठेवायचं की नाही याबद्दल. ओबामांच्या गोटातल्या अनेकांना ते नको होतं. जखमेवरची खपली कशाला काढायची? पण १४ ऑगस्टला दोन्ही बाजूंनी मिळून जाहीर केलं की नाव येईल, राज्यवार मतं घेतली जातील. अधिवेशनाच्या तोंडावर मिशिगन आणि फ्लोरिडाला त्यांची पूर्ण मतंही परत मिळाली. वॉर्डमन पार्कमधल्या तक्रारीचं मूळच अशा रीतीने काढून टाकलं गेलं.

२६ ऑगस्टच्या रात्री हिलरी डेन्व्हरच्या व्यासपीठावर आल्या. अमेरिकी स्त्रियांच्या मताधिकाराचा तो ८८ वा वर्धापनदिन होता. त्या भाषणात समर्थकांना त्यांनी थेट विचारलं की, तुम्ही ही लढाई फक्त माझ्यासाठी लढत होता, की ज्यांच्याकडे सरकारचं लक्ष जात नाही अशा आजारी, बेकार, युद्धावर गेलेल्या माणसांसाठी? दुसऱ्या दिवशी राज्यांची हाक सुरू झाली. न्यू मेक्सिकोने आपली पाळी इलिनॉयला दिली, इलिनॉयने न्यूयॉर्कला. हिलरी आपल्या राज्याच्या प्रतिनिधींमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि नियम स्थगित करून बराक ओबामांना जयघोषाने उमेदवारी द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. सभागृह दुमदुमलं. आधी मोजणी झाली आणि मग एकमत झालं, आणि ते एकमत हरलेल्या उमेदवाराच्या तोंडून आलं. मोजणीच झाली नसती तर त्याच एकमताला बळजबरी म्हटलं गेलं असतं.

इतकं करूनही हिलरींचे सगळे मतदार वळले नाहीत. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी सेरा पेलिन यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं, आणि पेलिन यांनी पहिल्याच भाषणात हिलरींच्या त्या एक कोटी ऐंशी लाख तड्यांचा गौरवाने उल्लेख केला. प्रायमरीपासून त्याच मतदारांचा माग ठेवणाऱ्या एका अभ्यासात हिलरींचे सुमारे एक चतुर्थांश समर्थक शेवटी मॅकेनकडे गेल्याचं दिसलं. २०१६ मध्ये हिलरींशी प्रायमरी लढलेल्या बर्नी सँडर्स यांच्या मतदारांपैकी सुमारे १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे २००८ मध्ये गळती जास्त होती तरी ओबामा ३६५ विरुद्ध १७३ निर्वाचक मतांनी जिंकले, आणि २०१६ मध्ये ती कमी असूनही हिलरी हरल्या. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांची ढासळलेली लोकप्रियता आणि १५ सप्टेंबरला कोसळलेली लेहमन ब्रदर्स यांचं पारडं कुठल्याही दिलजमाईपेक्षा जड होतं.

लांबलेल्या लढतीचा एक फायदा मात्र चर्चेत क्वचितच येतो. प्रायमरी जूनपर्यंत चालल्यामुळे ओबामांना इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत एप्रिल-मेमध्येच घरोघर फिरावं लागलं, कार्यालयं उघडावी लागली, मतदार नोंदवावे लागले. एरवी डेमोक्रॅट उमेदवार तिकडे वळतही नसत. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी इंडियाना सुमारे २८,००० आणि नॉर्थ कॅरोलायना सुमारे १४,००० मतांनी जिंकलं. इंडियाना १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅट उमेदवाराकडे आलं होतं. डिसेंबरमध्ये ओबामांनी हिलरींना परराष्ट्रमंत्रिपदासाठी निवडलं. त्यांनी आधी नकार दिला होता.

आपल्याकडे तिकीट नाकारलं की दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज भरायची मुभा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येऊ देत नाहीत. कनेटिकटमध्ये ती आडकाठी नाही. २००६ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन तिथल्या प्रायमरीत हरले, वेगळे उभे राहिले आणि जिंकले. २००८ मध्ये ते रिपब्लिकन अधिवेशनात मॅकेनच्या बाजूने बोलायला उभे होते. कायद्याचा धाक नसेल तर दिलजमाई किती ठिसूळ असते, याचा हा पुरावा.

हाच प्रश्न छोट्या लढतींतही येतो. बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ, डेमोक्रॅट श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. म्हणजे पक्षाच्याच दर शंभर मतदारांतल्या बहात्तरांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती. शिवाय अनेक दशकांत प्रथमच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहणार नव्हता. शहरातल्या पुढाऱ्यांनी ही खंत उघडपणे बोलून दाखवली. नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना ७१ टक्के मतं पडली. पक्षाच्या चिन्हावर मतदार परत आले, मन परत आणण्याचं काम त्या आकड्याने संपलं असं मी मानत नाही.

२०१६ मध्ये जे झालं ते वॉर्डमन पार्कचंच मोठं रूप होतं. सँडर्स यांनी जुलैत पाठिंबा दिला, फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात हिलरींना जयघोषाने उमेदवारी देण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला. पण अधिवेशनाच्या तोंडावर पक्ष कार्यालयातले ईमेल फुटले, तटस्थ असायला हवेत ते अधिकारी सँडर्सविरुद्ध बोलताना दिसले आणि पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. सभागृहात सँडर्सचे प्रतिनिधी त्यांच्याच नेत्याचं ऐकेनात. सुपरडेलिगेट, म्हणजे प्रायमरीच्या निकालाशी बांधील नसलेली पुढारी मंडळी, हा त्यांचा मुख्य राग होता. पक्षाने त्यावर आयोग नेमला आणि २५ ऑगस्ट २०१८ रोजी शिकागोत ठराव केला की, चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. २०२० मध्ये सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली, पाच दिवसांत जो बायडन यांना पाठिंबा दिला, आणि दोन्ही गोटांच्या माणसांनी मिळून आरोग्य, हवामान, शिक्षण, स्थलांतर अशा सहा विषयांवर समित्या बसवून पक्षाच्या जाहीरनाम्याचा पाया घातला. त्या वेळी कुठल्याही सभागृहात आरडाओरडा झाला नाही.

२०२८ च्या प्रायमरीच्या बातम्या येऊ लागतील तेव्हा वाचकांनी एवढं करावं. विजयाच्या रात्रीची भाषणं आणि उंचावलेल्या हातांची छायाचित्रं बाजूला ठेवावीत, आणि पक्षाच्या नियम समितीने कोणत्या राज्याला कोणती तारीख दिली, कोणाची मतं किती धरली, ही आतल्या पानावरची चार ओळींची बातमी आधी शोधून वाचावी.